बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर

(बी. ए. भाग दोन)

थोरामोठ्यांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. परीक्षेत त्यांच्यावर दहा गुणांचा निबंध लिहिला, की आपला त्यांचा संबंध संपतो. माझेही आजवर तसेच होते. पण एखादे चरित्र असे भेटते की ते आपल्याला नुसती माहिती देत नाही, तर आपली चूक आपल्या पदरात घालते. शाहीर अमर शेख यांचे चरित्र मला तसे भेटले. म्हणून मित्रहो, हा लेख लिहिताना आधी थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे.

आमचे गाव मुरूडच्या जवळ, लातूर-बार्शी रस्त्याच्या कडेला. अब्बा याच रस्त्यावर मालाच्या ट्रकवर आहेत. आधी बारा वर्षे क्लीनर होते, ज्याला आमच्याकडे किन्नर म्हणतात. आता ड्रायव्हर आहेत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला पहिला मीच. महाविद्यालयात आल्यावर मी मराठी हा ऐच्छिक विषय घेतला, तेव्हा बऱ्याच जणांना नवल वाटले. नाव शेख आणि विषय मराठी! काहींनी हसून विचारले, काहींनी नुसतेच माझ्याकडे पाहिले. घरी आम्ही दखनी बोलतो, पण रानात, बाजारात, आडतीवर आणि शाळेत मराठीच. दादी तर दखनीत सुरू केलेले बोलणे मराठीत कधी संपवते, हे तिचे तिलाही कळत नाही. मग मला मराठी परकी कशी असेल?

गेल्या वर्षी आमच्या पोवाड्याच्या पथकात सरांनी मला झीलकरी म्हणून घेतले होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आम्ही नांदेडला गेलो. फेटे बांधले, डफ शेकला, रंगमंचामागे रांगेत उभे राहिलो. पथकातील मुलांची नावे वाचली जात होती. माझे नाव येताच मागून कोणीतरी मोठ्याने काहीतरी बोलले. शेखाचा आणि पोवाड्याचा काय संबंध, असा त्याचा आशय होता. दोघे-तिघे हसले. तेवढेच. भांडण नाही, तंटा नाही. बोलणाराचा चेहराही मी पाहिला नाही. पण त्या दिवशी माझ्या गळ्यातून जी निघाला तो अर्धाच निघाला. यंदा सरांनी पुन्हा पथकात बोलावले तेव्हा मी घसा बसल्याचे खोटे सांगितले. सर काही बोलले नाहीत. त्यांनी मला ग्रंथालयात नेले आणि लोकशाहिरांवरचे एक पुस्तक हातात दिले. ते घेऊन मी वसतिगृहावर आलो, आणि त्या रात्री मला बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल भेटला.

होय, अमर शेख यांचे मूळ नाव हेच. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे झाला. बार्शी म्हणजे आमच्या रस्त्याचे दुसरे टोक. मध्ये ढोकी आणि येडशी, एवढेच. पण त्या काळी हे शंभरेक किलोमीटर म्हणजे दोन राज्यांमधले अंतर होते. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. दोन्ही गावांना जोडणारी बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ पासून लातूरपर्यंत धावत होती. एका बाजूला इंग्रजांचा तुरुंग, दुसऱ्या बाजूला निजामाचा; मध्ये ती गाडी गुळाच्या भेल्या, शेंगा नि कापूस वाहत होती.

मेहबूबचे घर गरीब. त्याच्या आईचे नाव मुनेरबी. ओव्यांचे, लोकगीतांचे धन मुलाला मिळाले ते या माउलीकडून. शाहिराला गुरू हवा, घराणे हवे असे आपण म्हणतो. या शाहिराचे घराणे म्हणजे त्याची आई. पोटासाठी या मुलाने पडेल ते काम केले. तो मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत कामगार झाला. हे वाचताना मी थांबलो. क्लीनर! पहाटे गाडी पुसणारा, चढावर चाकाखाली दगड लावणारा, मालकाच्या नि ड्रायव्हरच्या दोघांच्याही शिव्या खाणारा. अब्बांच्या हातावरचे काळे डाग मला आठवले. पहिल्या वर्षी प्रवेशाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी नुसतेच नोकरी असे लिहिले होते, तेही आठवले.

तो काळ साधा नव्हता. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना येरवड्यात फाशी देण्यात आले. त्या वेळी शेजारच्या बार्शीतला मेहबूब चौदा वर्षांचा होता. चार जणांची नावे एका दोरीने बांधली गेली, तेव्हा कोणी कोणाला जात विचारली नव्हती. १९३०-३२ च्या त्या चळवळीत हा मुलगाही उतरला. पुढे बार्शीच्या गिरणी कामगारांच्या संपात तो पुढे झाला आणि विसापूरच्या तुरुंगात जाऊन पडला.

तुरुंग हीच त्याची शाळा झाली. तेथे त्याला कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि त्यांच्या सहवासात तो कम्युनिस्ट विचारांकडे वळला. आईकडून आलेल्या गाण्याला इथे दिशा मिळाली. आपण का गरीब आहोत, हा प्रश्न ज्याला पडला त्याच्या गळ्याला वेगळी धार येते.

तुरुंगातून सुटल्यावर पुढे कोल्हापूर. तेथे मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत त्याने काही काळ काम केले. अमर शेख हे नाव त्याला मिळाले ते याच कोल्हापूरच्या दिवसांत, मित्रांकडून. किती विचार करण्यासारखे नाव आहे पाहा! पहिला शब्द संस्कृतातला, दुसरा अरबीतून आलेला, आणि दोन्ही मिळून एक अस्सल मराठी शाहीर. त्याने शेख लपवले नाही आणि अमर हा शब्द परका मानला नाही. माझ्या मनात आले, आपण मात्र नाव पुकारताच मान खाली घातली.

मुंबईत त्यांच्या आयुष्याचा मोठा अध्याय सुरू झाला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले. गवाणकर कामगारांत वावरलेले. आणि अमर शेख बार्शीचे. तिघांच्या तीन तऱ्हा. अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा गळा असे काही जण म्हणतात. ते पूर्ण खरे नाही, कारण अमर शेख स्वतः कवी होते आणि अण्णाभाऊ स्वतः उत्तम गात. पण दोघे एकत्र आले की गिरणगावातली मैदाने भरून जात, हे मात्र खरे.

आज आपल्या खिशात गाणे असते. बोट लावले की वाजते. त्या काळी तसे नव्हते. गिरणीतून सुटलेला कामगार वर्तमानपत्र वाचू शकत नसे, कारण त्याला अक्षर येत नसे. व्याख्यान ऐकायला त्याच्या अंगात त्राण नसे. पण डफावर थाप पडली की तो थांबे. शाहीर एक कडवे टाकी, मागचे झीलकरी जी जी करून ते उचलून धरीत, आणि तेवढ्या वेळात ऐकणाराच्या डोक्यात ते कडवे मुरे. झीलकरी म्हणजे नुसती साथ नव्हे. शाहिराचा शब्द लोकांत पोचवणारा तो पूल आहे, हे मला इथे प्रथमच उमगले. बंगालचा दुष्काळ, महागाई, संप, सावकारी, हे सारे विषय या पथकाने पोवाडा, लावणी, छक्कड आणि तमाशा या जुन्या साच्यांत घातले. साचा लोकांच्या ओळखीचा आणि आतला माल नवा. म्हणून तो लोकांना पचला. गण-गौळणीच्या जागी कामगाराला वंदन आले आणि राजाच्या जागी मालक आला.

अमर शेखांचा आवाज पहाडी होता. ते उंच पट्टीत सूर लावीत आणि तो तसाच धरून ठेवीत. पण केवळ मोठा आवाज म्हणजे शाहिरी नव्हे. ते शब्द जगत, अंगाने गात, हाताने, डोळ्यांनी गात, असे त्यांना पाहिलेल्या पिढीने लिहून ठेवले आहे.

या आवाजाची सरकारला भीती वाटली. इंग्रज गेले, आपले राज्य आले, आणि आपल्याच मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. अशा वेळी माणूस एक तर गप्प बसतो किंवा कडवट होतो. अमर शेख लिहीत राहिले, गात राहिले. १९५१ मध्ये त्यांचा अमरगीत हा संग्रह आणि पहिला बळी हे नाटक आले. १९५८ मध्ये कलश आणि १९६३ मध्ये धरतीमाता हे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. युगदीप आणि वख्त की आवाज ही नियतकालिके त्यांनी चालवली. शाहीर म्हणजे फक्त मैदानात ओरडणारा माणूस, असे समजणाऱ्यांनी हे संग्रह जरूर पाहावेत. ज्याचे शिक्षण अर्धवट राहिले त्या गिरणी कामगाराने मराठी कवितेच्या दारात उभे राहून परवानगी मागितली नाही. तो सरळ आत आला.

पण महाराष्ट्राने त्यांना खऱ्या अर्थाने डोक्यावर घेतले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, एवढीच मागणी. पण तिच्यासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले. या लढ्यात आचार्य अत्रे यांची वाणी आणि लेखणी, आणि अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर यांची शाहिरी एकत्र आली. सभा सुरू होण्याआधी शाहीर उभा राही आणि लाखाचे मैदान एका श्वासात बांधले जाई.

अण्णाभाऊंची माझी मैना ही छक्कड याच काळात घरोघर पोचली ती अमर शेखांच्या गळ्यातून. तिची रचना मोठी कुशल आहे. गावाकडून मुंबईला पोट भरायला आलेला एक मजूर मागे राहिलेल्या आपल्या सखीची आठवण काढतो. तिचे रूप, तिची ताटातूट, मुंबईत त्याची झालेली फरफट. ऐकणाऱ्या प्रत्येक गिरणी कामगाराची तीच कथा. आणि मग हळूच कळते की ती मैना म्हणजे नुसती बायको नाही. ती म्हणजे मराठी मुलुखाचा दुरावलेला तुकडा आहे, बेळगाव, कारवार, निपाणी आहे. स्वतःचे दुःख गाता गाता माणूस सगळ्या प्रदेशाचे दुःख गाऊ लागतो. राजकारण असे पोटातून सांगितले, तर ते निरक्षर माणसालाही कळते.

आपला मराठवाडाही या कथेत आहे, हे आपण विसरता कामा नये. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पण मराठवाडा त्यानंतरही आठ वर्षे हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे त्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे ज्या राज्याचे रहिवासी म्हणून आपण अर्ज भरतो, ते राज्य ज्यांनी गाऊन मागितले त्यांतला एक जण शेख होता. नांदेडला मागच्या रांगेतून बोलणाराला हे ठाऊक नव्हते. पण खरे सांगतो, तेव्हा ते मलाही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी खोटे बोललो नसतो.

महाराष्ट्र झाल्यावर हा शाहीर घरी बसला नाही. गोवामुक्तीसाठी त्यांनी गाणी गायिली. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले आणि १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा ते गावोगाव फिरून गायिले, देशाच्या संरक्षण निधीसाठी पैसे गोळा केले. ज्याला सरकारने तुरुंगात टाकले, ज्याच्या गाण्यावर बंदी आणली, तोच देशावर संकट येताच झोळी घेऊन निघाला. प्रपंच (१९६१) आणि आचार्य अत्रे यांचा महात्मा फुले या चित्रपटांतही त्यांनी भूमिका केल्या. त्यांच्या पत्नी कुसुम जयकर. धर्म वेगळे, संसार एक. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख यांनी पुढे कवयित्री म्हणून नाव मिळवले. कवी नामदेव ढसाळ हे त्यांचे पती. आपले वडील आणि आपले घर यांविषयी त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. लोकांचा असलेला माणूस घराच्या वाट्याला किती येतो, हा प्रश्न ते वाचताना मनात राहतो. चळवळ करणाऱ्याच्या घरातील माणसेही काही किंमत मोजत असतात, आणि त्यांच्या नावाचा पोवाडा कोणी रचत नाही.

१९६९ हे वर्ष महाराष्ट्राच्या शाहिरीला काळ होऊन आले. १३ जून रोजी आचार्य अत्रे गेले. १८ जुलै रोजी अण्णाभाऊ साठे गेले. आणि २९ ऑगस्ट रोजी इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात अमर शेख गेले. अकरा आठवड्यांत तीन आवाज थांबले. अमर शेख तेव्हा त्रेपन्न वर्षांचेही झाले नव्हते. कन्या बारा वर्षांची होती. मोटारीवरचा क्लीनर म्हणून ज्याने आयुष्य सुरू केले, त्याचा शेवट रस्त्यावर मोटारीतच व्हावा, हा योगायोग क्रूरच म्हटला पाहिजे. ज्यांच्या घरातला माणूस रोज रस्त्यावर असतो त्यांना या ओळीतले दुःख जास्त कळेल. अब्बांचा फोन रात्री उशिरापर्यंत आला नाही, की अम्मी जेवत नाही.

पुढे मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाने अध्यासन निर्माण झाले. हे चांगलेच झाले. परंतु आपल्या भागात, बार्शीपासून हाकेच्या अंतरावर, आम्हा विद्यार्थ्यांपैकी कितींना त्यांचे नाव ठाऊक आहे? मी वर्गातल्या मित्रांना विचारून पाहिले. मैनेची चाल जवळजवळ सर्वांना येत होती. गाणाराचे नाव चौघांनी सांगितले. त्यांचे मूळ नाव एकालाही सांगता आले नाही. गाणे उरले आणि माणूस पुसला गेला. लोकगीताच्या दृष्टीने हा कदाचित सन्मान असेल. पण माणूस पुसला गेला की त्याच्याबरोबर त्याने घातलेला पूलही पुसला जातो, आणि मग रंगमंचामागे कोणालाही काहीही बोलता येते.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो तेव्हा दादीला हे सारे सांगितले. दादीला वाचता येत नाही. पण मैनेची चाल तिला येते. शेंगा फोडताना ती गुणगुणते. ती चाल तिच्या कानावर कोठून आली, ते तिला आठवत नाही. मी म्हटले, हे गाणाऱ्याचे नाव मेहबूब पटेल, बार्शीचा. दादीचे हात थांबले. तो किती शिकला, त्याने किती पैसे मिळवले, हे तिने विचारले नाही. त्याच्या आईचे नाव काय, एवढेच तिने विचारले. मी सांगितले, मुनेरबी. दादीने ते नाव दोनदा स्वतःशी उच्चारले आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. थोड्या वेळाने तिने मला विचारले की तू कॉलेजात गातोस की नाही. मला उत्तर देता आले नाही. अब्बा बाजेवर पडून सारे ऐकत होते. बार्शीला मी हजार वेळा गेलो असेन, पण आमच्यातला एक किन्नर एवढा मोठा झाला हे मला कोणी सांगितले नाही, असे ते म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांच्या आवाजात तक्रार होती की अभिमान, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

सुटी संपवून परत आलो त्याच दिवशी सरांना भेटलो. घसा बसला नव्हता, मी खोटे बोललो होतो, हे सांगितले. सरांनी फक्त सरावाची वेळ सांगितली: रोज संध्याकाळी पाच, मागचा हॉल.

प्राध्यापक महाशय आणि मित्रहो, मी काही अमर शेख नाही. माझा आवाज पहाडी नाही. वरच्या पट्टीत तो फाटतो. यंदाही मी झीलकरीच आहे, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा. पण नांदेडला जाण्याआधी पथकाच्या यादीत सर्वांची नावे भरायची होती, ते काम मी मागून घेतले. माझे नाव मी पूर्ण लिहिले आहे, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात. पुकारणाराला वाचताना अडखळायला नको.